सहाशे बारावा तुंबा

सोमवार, ११ जानेवारी १८०८
फाँ-ब्ले मळा

ही वही माझी स्वतःची. मळ्याचं दफ्तर वेगळं. त्यात कोण जन्मलं, कोण मेलं, कॉफीची किती पोती भरली, कोण पास घेऊन बाजाराला गेलं एवढंच लिहायचं असतं, आणि ते तालुक्याचा कमांडर महिन्याला येऊन ऐकतो. ही वही कुणी ऐकणार नाही. काप बंदरात एका अमेरिकी गलबतवाल्यानं ती मला फुकट दिली, कारण तिची पहिली चार पानं उंदरांनी खाल्ली होती. वर्षभर जपून ठेवली. आज उघडली, कारण आज सरकारच्या हुकमावर मी हसले, आणि ते दफ्तरात कसं लिहिणार?

सकाळी शंख फुंकला गेला तशी सगळी माणसं कॉफी वाळवायच्या ओट्यावर जमली. हुकूम मीच वाचला, कारण या मळ्यात वाचणारी मी एकटी. हैती स्वतंत्र होऊन चार वर्षं झाली, पण तिजोरीत खडखडाट आहे. नाणं म्हणून जे होतं ते पीठ, कापड आणि बंदुकीच्या दारूच्या बदल्यात परदेशी गलबतांतून निघून गेलं. तर आजपासून झाडावरचा प्रत्येक हिरवा तुंबा सरकारजमा, आणि तुंबा हेच चलन. एका तुंब्याची किंमत जुन्या फ्रेंच नाण्यांत वीस सू. सरकार आपल्याला तुंबे देऊन कॉफी घेणार, ती कॉफी गलबतवाल्यांना सोनं घेऊन विकणार, आणि सोनं आलं की तुंबे परत घेऊन आपल्याला खरी नाणी देणार.

म्हातारा तेलेमाक म्हणाला, "म्हणजे मी जन्मभर तुंब्याच्या वाटीतून पेज प्यालो ती खजिन्यातून." ओट्यावर हशा पिकला. मीही तोंडाला पदर लावून हसले. कारभारी अझोर मात्र हसला नाही. कॉफी कमी भरली तर कमांडर पहिला त्याची मान धरतो, तुंबे कमी भरले तरी त्याचीच धरणार.

घरी आल्यावर मात्र पटलं. खुळचट वाटतं खरं, पण यात डोकं आहे. झाडाला लागतं ते चलन कुठला गोरा पळवून नेईल? ताईला हे समजावून सांगितलं. माझी थोरली बहीण, फातीनताई, या पंचक्रोशीतली सुईण. ती म्हणाली, "पूर्वी मालक आपल्याला मोजायचा, आता आपण भोपळे मोजायचे. सुधारणा आहे, नाही म्हणत नाही." तिच्याशी बोलायचं म्हणजे डोक्याला ताप.

गुरुवार, १४ जानेवारी

शिपाई आले आणि झाडं ओरबाडून गेले. सहाशे बारा तुंबे. सगळे माझ्या खोलीमागच्या वखारीत रचलेत. चावी माझ्याकडे. हिरव्या तुंब्यांचा उग्र वास भिंतीतून येतोय, डोकं उठलंय.

नियम मीच वाचून दाखवले. तुंबा अख्खा हवा. भोक पाडलेला, कापलेला, कोरलेला तुंबा म्हणजे सरकारी चलनाची नासधूस. जो कापेल तो सहा महिने डोंगरावरच्या किल्ल्याला दगड वाहायला जाईल. गेल्या वर्षी आमच्या मळ्यातून पास न घेता निघून गेलेल्या दोघांना तिथंच धाडलं होतं. एक परत आला तो खांद्यावर पोळी थापावी इतकी सपाट कातडी घेऊन आला. तेव्हा नियम ऐकताना कुणी विनोद केला नाही.

जेवताना ताई म्हणाली की झाबेतचे दिवस भरत आलेत, एक तुंबा बाजूला ठेव. मी म्हटलं जुनी वाटी घे की, घरात सहा आहेत. तर माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी बाळाला डुकरांच्या डोणीत घाल म्हटलं.

"नव्या जिवाला उष्टं भांडं? कुणाचं नशीब त्यात राहिलंय ते तुला ठाऊक आहे?"

हे आमचं जुनं आहे. बाळाची पहिली आंघोळ त्याच वेळी कापलेल्या, कुणीही तोंड न लावलेल्या तुंब्यात. मालकांच्या राज्यात हे चालत नसे. मूल जन्मलं की आधी मालकाच्या वहीत जायचं, किमतीसकट, आणि मग घोड्यांच्या बादलीत. आमची आई आम्हाला सांगायची की तिनं दोघींना चोरून तुंब्यात न्हाऊ घातलं होतं, आणि त्यासाठी पाठीवर पंधरा फटके खाल्ले होते. मला ते ठाऊक आहे. पण आता राज्य आपलं आहे, आणि आपल्या राज्याचा नियम आपणच मोडला तर कसं व्हायचं? ताईला तसं सांगितलं. ती उठून गेली, कसाव्याची भाकरी अर्धी टाकून.

तिचं एक मला कधीच सहन होत नाही. मी लिहायला शिकले याचा तिला राग आहे. मालकाची मुलगी धडे घ्यायची, मी मागं उभी राहून पंखा हलवायचे. ती काही शिकली नाही, मी शिकले. त्यात ताईचं मी काय घेतलं?

मंगळवार, १९ जानेवारी

काही विशेष नाही. तुंबे मोजले. सहाशे बारा.

रविवार, २४ जानेवारी

बाजार. पास घेऊन नऊ बायका गेल्या, नऊ परत आल्या. ज्या मळ्यांवर हिस्सा आधीच वाटलाय तिथल्या बायका तुंबे घेऊन आल्या होत्या. तुंब्याला आता मान आलाय. मासळीवाली तुंबा हातात घेऊन नखानं वाजवून बघते, तेव्हा कुठं खारवलेला मासा देते. एकीचा तुंबा देठाशी मऊ पडला होता, तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. ती बिचारी बाजारभर हिंडली आणि तसाच परत घेऊन गेली. पैसा सडतो हे मी पहिल्यांदा बघितलं. अझोरला विचारलं की आमच्या लोकांचा चौथा हिस्सा तुंब्यांत मिळायचा आहे, तोवर वखारीतले टिकतील का? तो म्हणाला, "तू लिहायचं काम कर बाई. सडायचं काम तुंबे बघतील."

कॉफीच्या चार पोत्यांतलं एक राबणाऱ्यांचं, असा कायदा आहे. सोडून जाता येत नाही, मळा बदलता येत नाही, पण चौथं पोतं आपलं. ते चौथं पोतं खरोखर चौथंच असतं, कारण मी लिहिते. अझोर वाईट नाही, पण तराजूशी उभा राहिला की त्याचा पाय आपोआप पुढं सरकतो.

गुरुवार, २८ जानेवारी

मुलगी झाली! झाबेतला मुलगी झाली. घामाघूम झाली होती झाबेत, सकाळपासून कळा. दुपारच्या शंखाला ताईनं मला हाक मारली, कारण नवीन कायद्यानं प्रत्येक जन्म लिहायचा असतो आणि वेळ चुकली की दंड. मी दौत घेऊन दारात उभी. ताईचे दोन्ही हात कामात. मूल उलटं येत होतं. झाबेतचा नवरा कोपऱ्यात बसून रडत होता, त्याला दोनदा बाहेर हाकललं तरी परत आत. मग एकदाची ती आली, निळसर, गप्प. ताईनं तिला उलटी धरली, पाठीवर थापटलं, तोंडात फुंकर घातली. आणि ती जी केकाटली! मालक गेल्या दिवशीसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

ताई ओरडली, "अगं बघत काय राहिलीस, आण." मी धावले, आणलं, ताईनं कोमट पाणी घातलं, पेरूची पानं टाकली, आणि पोरीला न्हाऊ घातलं. आम्ही दोघी कितीतरी दिवसांनी एका कामात होतो. ताईनं माझ्या गालाला ओला हात लावला.

संध्याकाळी दफ्तरात छान अक्षरात लिहिलं: झाबेत हिला मुलगी झाली, प्रकृती उत्तम, रीतीप्रमाणे नव्या तुंब्यात पहिली आंघोळ घातली, सुईण फातीन. मालकाच्या वहीत माझ्या जन्माच्या नोंदीपुढं काय लिहिलं होतं ते मी स्वतः वाचलंय: "मादी, दोनशे." त्यामुळं मी आता प्रत्येक पोरीची नोंद दोन ओळींची करते. कमांडर ऐकून म्हणतो बाई फार लिहिते. लिहीन.

शुक्रवार, २९ जानेवारी

सहाशे अकरा.

तीन वेळा मोजले. एकेक ओळीतून काढून परत रचले. सहाशे अकरा. कुलूप शाबूत, चावी माझ्या गळ्यात. उंदीर तुंबा घेऊन जात नाही. माझ्याशिवाय वखारीची दुसरी चावी फक्त अझोरकडे आहे. रविवारी "सडायचं काम तुंबे बघतील" म्हणाला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चोर तो चोर वर शिरजोर. बरं, मी कुणाला घाबरत नाही. दफ्तरात लिहून टाकलं: आज मोजणीत एक तुंबा कमी भरला. आता देऊ दे उत्तर त्यालाच.

त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. मला त्याचं बरंच वाटलं, हे इथं लिहून ठेवते.

बुधवार, ३ फेब्रुवारी

दार लावून लिहायला बसलेय.

कमांडर मोंदेझीर आला. लढाईत उजवा हात गेलेला, डाव्या हातात छडी. त्याचा लेखनिक तापानं फणफणलाय, म्हणून म्हणाला बाई, दफ्तर तूच वाच. ओट्यावर सगळी माणसं उभी. मी ताठ मानेनं वाचायला लागले. पोती, पास, आजारी. मग अठ्ठावीस तारीख: मुलगी झाली, रीतीप्रमाणे नव्या तुंब्यात पहिली आंघोळ. बायका खूश झाल्या, झाबेत पोरीला घेऊन पुढंच उभी होती. मग एकोणतीस तारीख: एक तुंबा कमी भरला.

दोन्ही ओळी तोंडातून बाहेर पडल्या, आणि मग मला ऐकू आल्या.

मीच. मी धावत वखारीत गेले होते. मीच कुलूप काढलं, वरचा तुंबा उचलला, माझ्या टाक तासायच्या चाकूनं गरकन कापला, गर काढला आणि नेऊन दिला. त्या क्षणी तो चलन नव्हता हो. बाळंतिणीच्या दारात तुंबा म्हणजे तुंबा. नियम वाचून दाखवणारी मी, चावी गळ्यात घालून फिरणारी मी, आणि पाच दिवस मी अझोरला चोर समजत होते.

कमांडरनं विचारलं, "हा नवा तुंबा कुठला?"

अझोर माझ्याकडे बघत होता. मी सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते, फक्त एक श्वास घ्यायचा होता.

तेवढ्यात ताई पुढं आली. पदराला हात पुसत म्हणाली, "सुईण मी आहे. मीच घेतला, मीच कापला. वखार उघडी होती."

कमांडर म्हणाला की शिक्षेचा कागद पुढल्या आठवड्यात होईल, तोवर हिला कोंडून ठेवा. ताईला कॉफीच्या रिकाम्या कोठीत घातलं. मी दफ्तर मिटलं. पानाला खुणेचा दोरा लावला. सगळं नीट केलं, आणि बोलले मात्र नाही.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

कोठीच्या फळ्यांना फट आहे. सकाळी केळं आणि गूळ घातलेली कॉफी घेऊन गेले. म्हटलं ताई, मी आत्ता जाऊन सांगते. तिनं आधी कॉफी प्यायली, मग म्हणाली, "तू गेलीस तर तराजूपाशी कोण? अझोरचा पाय माहीत आहे ना? दोनशे माणसांचा चौथा हिस्सा तुझ्या वहीत आहे. मला काय, मी नसले तर पोरं येतात तशी येतील."

मूल उलटं आलं तर कशी येतील, हे मी विचारलं नाही.

ती बावन्न वर्षांची आहे. तिचा गुडघा पावसाआधी सुजतो. किल्ल्याच्या वाटेवर चांगले तरणे गडी पाय घसरून जातात. सहा महिने म्हणजे ती परत येत नाही. हे मला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे, आणि आम्ही फटीतून गुळाबद्दल बोललो.

इथं खोटं लिहून काय उपयोग? मला भीती वाटते. दगडांची वाटते, छडीची वाटते. आणि ताई जे म्हणाली ते मला पटलं, कारण ते पटणं सोयीचं होतं. दिवसभर मी स्वतःला सांगत होते की मी मळ्यासाठी राहतेय. मळ्यासाठी!

सोमवार, ८ फेब्रुवारी

तीन दिवस वही उघडली नाही. लाज वाटत होती.

झाबेत पोरीला घेऊन कोठीपाशी बसते, बाहेरून. ताई आतून तिला सांगते की कशी धर, कशी पाज. मी जवळ गेले की दोघी गप्प होतात. मला वाटतं सगळ्यांना माहीत आहे. झाबेतनं तर मला तुंबा आणताना डोळ्यांनी बघितलं होतं. तरी कुणी कमांडरकडे गेलं नाही, कारण त्यांना तराजूपाशी मी हवी आहे. माझ्याकडे बघून ओळखीचं हसतसुद्धा नाहीत.

अझोरची माफी मागितली. म्हटलं मी तुझ्यावर आळ घेतला होता. तो म्हणाला, "मला वाटलं होतं. मलाही आधी तुझाच संशय आला होता. पण माझा खरा निघाला." मग म्हणाला की उद्या तुला तालुक्याला बोलावलंय, लेखनिक अजून तापात आहे, शिक्षेचा कागद तुलाच लिहायचाय.

माझ्या बहिणीचा कागद, माझ्या हातानं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

हे सगळं आजच लिहून काढायला हवं.

तालुक्याला चालत गेले, तीन तास. कमांडर व्हरांड्यात बसला होता, पुढ्यात उकडलेली रताळी. मी वाटेत ठरवलेलं सगळं भडाभडा सुरू केलं: साहेब, तुंबा तिनं नाही. त्यानं डावा हात वर केला.

"बाई, तिनं दोनशे माणसांसमोर कबूल केलंय. ते मी फिरवलं तर उद्या प्रत्येक मळ्यावर कबुली फिरेल. मला काप शहरी सरकारकडे कागद पाठवायचाय. लिही."

मी म्हटलं, "पण साहेब, खरं काय ते..."

"खरं कुणी मागितलं का? लिही."

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. फाँ-ब्ले मळा. सरकारी चलनाची नासधूस. किल्ल्यावर सहा महिने. मग म्हणाला, नाव घाल. आणि मी सेलानी लिहिलं. टाक नुसता खाली टेकवला आणि माझंच नाव आलं. परत बघितलं. सेलानी, मळ्याची लेखनिक, वय बेचाळीस. हात अगदी स्थिर होता, त्या पोरीची नोंद केली तेव्हासारखा.

"वाचून दाखव," तो म्हणाला.

मी वाचलं. जिथं सेलानी होतं तिथं फातीन वाचलं, सुईण म्हटलं, बावन्न म्हटलं. घाम कानामागून ओघळत होता. त्यानं कागद माझ्या हातून घेतला आणि बघत बसला. खूप वेळ. त्याला वाचता येत नाही हे तालुकाभर माहीत आहे, शिक्क्याची खूण सोडून त्याला एक अक्षर ओळखता येत नाही, तरी इतका वेळ काय बघत होता कोण जाणे. मग शिक्का मारला.

रताळं सोलत म्हणाला की सोमवारी माणूस पाठवतो, शनिवारी तुमचा हिस्सा वाटून घ्या. आणि वर किल्ल्यावर मोजणारं, लिहिणारं कुणी धड नाही, तेव्हा जी जाईल तिनं दौत-टाक बरोबर न्यावा. मी हो म्हटलं. आता ताईला दौत काय करायची? तिला लिहिता येत नाही हे त्याच्या ध्यानात नसावं. मोठी माणसं ऐकतात कुठं.

परत येताना वाटेत एका दगडावर बसून पोटभर रडले. मग तोंड धुतलं.

शनिवार, १३ फेब्रुवारी

हिस्सा वाटला. पोत्यांचं वजन झालं तेव्हा मी अझोरच्या पायासमोरच स्टूल टाकून बसले. सरकारनं घेतलेल्या चौथ्या पोत्याचे तुंबे वखारीतून दिले. त्रेसष्ट सडलेले निघाले. अझोर म्हणाला तेही मोजून द्या, हुकमात सडक्याचं काही म्हटलेलं नाही. मी म्हटलं हुकमात अख्खा तुंबा म्हटलंय, आणि बोट घातलं की आत जातं त्याला अख्खा म्हणत नाहीत. सगळ्यांसमोर बोट घालून दाखवलं. हात बरबटला. त्रेसष्टच्या ऐवजी चांगले त्रेसष्ट मिळाले, झाडांना मागाहून धरलेले.

संध्याकाळी ताईला फटीतून सांगितलं की सोमवारी मी जाणार, कागदावर माझं नाव आहे.

मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "कुणाला विचारून?"

मी म्हटलं, आता हिस्सा वाटून झालाय, पुढच्या हंगामापर्यंत मी येते. तर म्हणाली, "तू आणि तुझी वही. तू लिहायला शिकायच्या आधी आम्ही दोरीला गाठी मारून मोजत होतो, तेव्हा काय मेलो होतो का? तुला राहा म्हटलं ते तू जगावीस म्हणून, वहीसाठी नाही, गाढवे."

मी फळीला कपाळ टेकून उभी राहिले. ती पलीकडून बडबडतच होती, माझ्या आईसारखी, मला शिव्या देत, आणि मला तिथून हलवेना.

सोमवार, १५ फेब्रुवारी
वाटेवर, पहिला मुक्काम

सकाळी नाईक आला, दोन शिपाई घेऊन. कागद अझोरला दिला. अझोरनं तो उलटा धरला आणि कोठीकडे बोट दाखवलं. शिपायांनी ताईला बाहेर काढलं, हाताला दोर बांधायला लागले.

मी मध्ये गेले. म्हटलं थांबा, कागदावर नाव माझं आहे, वाचा. नाईक म्हणाला बाई, मला वाचता येत नाही. अझोरला येत नाही. शिपायांना येत नाही. मी कागद घेऊन मोठ्यानं वाचला, सेलानी, लेखनिक, बेचाळीस. ताई म्हणाली, "ती खोटं वाचतेय. बहीण आहे माझी, तिला काय, ती काहीही वाचेल." आणि सगळ्यांनी मान डोलावली. एवढी अक्षरं शिकले, आणि माझं नाव कागदावर आहे हे सांगायला अख्ख्या मळ्यात मला एक साक्षीदार मिळेना. ताई माझ्याकडे बघून चक्क हसली. तिनं मला हरवलं होतं.

नाईकानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "मला कागदाचं काही कळत नाही. साहेबांनी निघताना तोंडी सांगितलंय. जिच्याजवळ दौत असेल तिला आण, दुसरीला हात लावू नकोस."

दौत माझ्या कमरेला होती, नेहमीची.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. इतका वेळ कागद बघत बसला होता तो; वाचता येवो न येवो, नाव कुणाचं ते त्यानं ओळखलं होतं. त्यानं माझ्यावर दया केली की त्याला लेखनिक हवा होता, हे मी वाटभर ठरवतेय. दोन्ही असेल. ताईला सोडलं, आणि मला दगड नाहीत, एवढं खरं.

ताई कोसभर मागून आली. माझं गाठोडं घेऊन चालत होती आणि मला बोलत होती. अशी कशी गं तू, वर थंडी असते, पांघरूण घेतलं नाहीस, डोकं आहे का तुला. ओढ्यापाशी नाईकानं तिला थांबवलं, तिच्याकडे पास नव्हता. तिनं गाठोडं माझ्या डोक्यावर ठेवलं, नीट तोललं, आणि मागं न बघता गेली. आता लिहिताना रडू येतंय. येऊ दे.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी
किल्ला

इथं ढग भिंतीच्या खाली असतात. बोटं आखडतात, शाई दाटते. आज पहिलं काम दिलं: नवीन आलेल्या बायकांची यादी. नाव, मळा, वय, गुन्हा. एकेक पुढं येत होती. हवालदार बाजूला बसून पाइप ओढत होता.

पहिली पास न घेता आईला भेटायला गेलेली. दुसरी कॉफीची चोरी. तिसरी म्हणाली मी सुईण, तुंबा कापला. चौथी सुईण. एक पोरगेलीशी होती, ती सुईण नव्हती, तिचं स्वतःचंच मूल होतं, ओली बाळंतीण, दूध चोळीतून पाझरत होतं. पोर कुठं विचारलं तर म्हणाली सासूकडे. सात. आठ. लिमोनाद गावची म्हातारी, डोळ्यांनी दिसत नाही, हातांनी चाचपडत पुढं आली. माझ्या मळ्यावरून मला वाटत होतं ही चूक मी एकटीनं केली. तुंबा कापलेल्या अकरा जणी निघाल्या, अकरा मळ्यांवरच्या, आणि एकीलाही तुंबा उचलताना तो पैसा आहे हे आठवलं नव्हतं.

गुन्ह्याच्या रकान्यात काय लिहायचं ते हवालदारानं सांगितलं: सरकारी चलनाची नासधूस, तुंबेवाल्या सगळ्यांना एकच. मी बरं म्हटलं. त्याला वाचता येत नाही, मी विचारून घेतलं होतं.

त्यांच्यातल्या पहिलीच्या नावापुढं लिहिलं: बाळाला आंघोळ घातली. मग दुसरीच्या. अकरा वेळा लिहिलं, घाई न करता, छान अक्षरात. यादीत माझंही नाव घालायचं होतं. ते त्या अकरा जणींच्या खाली बारावं लिहिलं, आणि त्यापुढंही तेच.